कृत्रिम लाळेची बाटली : सहा महिन्यांच्या वापरानंतरचा अभिप्राय

गेल्या जानेवारीत नववीच्या वर्गात व्याकरणाचा तास घेत असताना ‘ळ’ हा वर्ण माझ्या तोंडून उमटेना. जिभेचे टोक मागे वळवून टाळूला लावले की ते तिथेच चिकटून राही आणि सुटताना ‘टक्’ असा आवाज होई. शाळा, फळा, वेळ, सकाळ हे शब्द मराठी शिकवणाऱ्या बाईला टाळता येत नाहीत, त्यामुळे पहिल्या बाकावरच्या मुलींना तो आवाज ऐकू गेला आणि त्यांनी माना खाली घालून हसू दाबले. कारण मला ठाऊक होते. पाच दिवसांपूर्वी मानसोपचारतज्ज्ञांनी मला नैराश्यासाठी ॲमिट्रिप्टिलीन सुरू केले होते आणि तोंड कोरडे पडेल याची कल्पनाही दिली होती. ते इतक्या लवकर आणि असे ऐन तासाला पडेल, हे मात्र माझ्या ध्यानात आले नव्हते.

औषधाविषयी माझी तक्रार नाही. पहिल्याच आठवड्यात झोप लागू लागली आणि फेब्रुवारी उजाडेपर्यंत सकाळी उठून अंगणात पाणी मारण्याइतकी उमेद परत आली. हा अभिप्राय त्या औषधाचा नसून, त्याच्यामुळे कोरड्या पडलेल्या तोंडासाठी मी कोल्हापुरात जे जे विकत घेतले आणि वापरले त्याचा आहे, आणि त्यातही मुख्यतः औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या कृत्रिम लाळेचा आहे. कंपनीचे नाव मी मुद्दाम देत नाही. दोन कंपन्यांच्या बाटल्या मी वापरल्या, दोन्हींवरची घटकद्रव्ये जवळपास सारखीच होती आणि फरक पडला तो पुदिन्याच्या वासात व झाकणाच्या घट्टपणात. तेव्हा नावापेक्षा लेबल वाचावे, हे बरे.

आधी पाण्याविषयी सांगते, कारण प्रत्येक जण पहिल्यांदा तेच सुचवतो. ‘बाई, पाणी पीत जावा की,’ असे शिक्षकखोलीत मला दिवसातून तीनदा ऐकावे लागे. मी लिटरभर पाण्याची बाटली घेऊन जाऊ लागले, दुपारपर्यंत ती संपू लागली, आणि त्याचा परिणाम एवढाच झाला की मधल्या सुट्टीत मला खोलीऐवजी स्वच्छतागृहाकडे धावावे लागू लागले. पाण्याने तोंड ओले होते, पण दोन मिनिटांत पुन्हा कापूस कोंबल्यासारखे होते. लाळेत साधारण ९९ टक्के पाणीच असते हे खरे असले, तरी उरलेल्या एका टक्क्यातली म्युसिन नावाची प्रथिने तिला बुळबुळीत करतात, आणि जीभ टाळूवरून घसरते ती त्या बुळबुळीतपणामुळे. माझ्या तोंडात कमी पडला होता तो हाच गुण. त्यातून सारखे घोट घेत राहिले तर जो थोडा बुळबुळीत थर शिल्लक असतो तोही धुऊन जातो, असे पुढे दंतवैद्यांनी सांगितले.

हे का होते, ते मानसोपचारतज्ज्ञांनी चिठ्ठीच्या पाठीवर आकृती काढून समजावले. लाळग्रंथींना ‘आता स्रवा’ असा निरोप मज्जातंतू ॲसिटिलकोलीन या रसायनामार्फत देतात, आणि तो निरोप घेणाऱ्या मस्करिनिक ग्राहींवर ॲमिट्रिप्टिलीन ठाण मांडून बसते. निरोप येतो, पण घेणाऱ्याला तो घेता येत नाही. १९६१ पासून वापरात असलेले हे जुने औषध आहे आणि त्याच्या ट्रायसायक्लिक कुळातल्या बहुतेकांचा हा स्वभावच आहे. एस्सिटालोप्राम, सर्ट्रालीन यांसारख्या नंतरच्या औषधांत हा त्रास सहसा कमी असतो, जरी त्याच गटातल्या पॅरोक्सेटीनमध्ये तो थोडा अधिक आढळतो. व्हेन्लाफॅक्सीन आणि ड्युलॉक्सेटीन यांनीही तोंड कोरडे पडते, मात्र तिथे वाट नॉरॲड्रिनलीन या दुसऱ्या रसायनाची असते. आतड्यांतही तेच मस्करिनिक ग्राही असल्याने माझ्या वाट्याला कोरड्या तोंडाबरोबर बद्धकोष्ठही आले. त्याचा उल्लेख पुढे एका ठिकाणी उपयोगी पडणार आहे.

आता बाटलीकडे वळते. महाद्वार रोडच्या आसपासच्या एका दुकानात मी हळू आवाजात कृत्रिम लाळ मागितली तेव्हा काउंटरवरच्या मुलाने ‘लाळ? कुणाची लाळ?’ असे इतक्या मोठ्याने विचारले की शेजारी खोकल्याचे औषध घेणारे आजोबाही वळून पाहू लागले. दुसऱ्या दुकानात हे नावच कुणी ऐकले नव्हते. शेवटी भाऊसिंगजी रोडवर, सीपीआर रुग्णालयासमोरच्या ओळीतल्या एका दुकानदारांनी वही काढून नोंद केली आणि दुसऱ्या दिवशी बाटली मागवून दिली. कर्करोगावर मानेला किरणोपचार घेतलेले रुग्ण हे औषध नेतात, म्हणून त्यांना ते माहीत होते. १०० मिलीलीटरच्या बाटलीला मला दीडशे ते दोनशे रुपयांच्या दरम्यान पडले.

बाटलीतला द्रव पातळ पाकासारखा असतो. त्यातले मुख्य द्रव्य सोडियम कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज होय; आइस्क्रीम दाट करण्यासाठी आणि कोरड्या डोळ्यांच्या थेंबांतही हेच वापरतात, तेव्हा नाव लांबलचक असले तरी बिचकण्याचे कारण नाही. जोडीला ग्लिसरीन, थोडे क्षार आणि पुदिन्याचा स्वाद असतो. लहान चमचाभर द्रव तोंडात घेऊन तो गालांच्या आतून, जिभेखालून आणि वरच्या टाळूवरून सावकाश फिरवायचा. मी पहिल्या दिवशी घाईने गुळणी केल्यासारखा फिरवून थुंकून टाकला आणि पैसे वाया गेले असे ठरवून मोकळी झाले. दुसऱ्या दिवशी लेबल नीट वाचले, एक मिनिटभर तोंडात घोळवला, आणि मग खरोखरच जीभ मोकळी झाली.

परिणाम किती वेळ टिकतो, हा सगळ्यांचा पहिला प्रश्न असतो. मी घड्याळ लावून पाहिले. गप्प बसले असता पाऊण तास, बोलत राहिले असता अर्धा तास ते चाळीस मिनिटे. आमचा तास ३५ मिनिटांचा असतो, त्यामुळे शिक्षकाच्या व्यवसायाला ही बाटली जणू मापाने बेतलेली आहे. वकिलाला किंवा कीर्तनकाराला मात्र ती मधेच दगा देईल. एक दोष स्पष्ट सांगायला हवा. परिणाम ओसरू लागला की काही मिनिटे तोंड आधीपेक्षाही कोरडे भासते. ग्लिसरीन पाणी ओढून घेते, त्याचा हा प्रताप असावा असा माझा तर्क आहे. शिवाय त्याची गोडसर चव चहाच्या चवीवर बसते, आणि सकाळचा चहा हा माझ्या दिवसातला एकमेव चैनीचा प्रसंग असल्याने ते मला मुळीच मानवले नाही. मी चहानंतर अर्धा तास थांबून बाटली उघडते.

रात्रीसाठी हाच प्रकार जेलच्या रूपात मिळतो. झोपेत निरोगी माणसाचीही लाळ जवळजवळ थांबते, आणि त्यावर ॲमिट्रिप्टिलीन रात्रीच घ्यायचे असल्याने पहाटे तीनला जीभ सुक्या पानासारखी होऊन मला जाग येई. वाटाण्याएवढा जेल बोटाने हिरड्यांवर आणि जिभेवर लावून झोपले की पाच वाजेपर्यंत निभावते. तो कोल्हापुरात मला सापडला नाही, घरपोच मागवावा लागला आणि बाटलीच्या मानाने बराच महाग पडला, तरी मला निवड करायची वेळ आली तर मी दिवसाच्या बाटलीवर पाणी सोडीन पण रात्रीचा जेल सोडणार नाही. पंख्याचा झोत सरळ तोंडावर येणार नाही अशी खाट फिरवली, त्याचाही उपयोग झाला, आणि त्याला पैसे पडले नाहीत.

एवढ्यावर मी समाधानी राहिले असते. पण मार्चमध्ये खालच्या दाताला गार पाणी झोंबू लागले आणि मी राजारामपुरीतल्या दंतवैद्यांकडे गेले. तिथे माझीच चूक उघडी पडली. तोंड ओले राहावे म्हणून मी जवळजवळ दोन महिने दिवसभर गालात खडीसाखर धरून ठेवत होते. लाळ भरपूर असती तर तिच्यातल्या बायकार्बोनेटने आम्ल निवळले असते आणि कॅल्शियम-फॉस्फेटने दाताची झीज भरून काढली असती. लाळच नसल्यामुळे साखरेवर पोसलेल्या जंतूंचे आम्ल दातांवर तसेच बसून राहिले. साधारण ५.५ या सामूच्या (पीएच, म्हणजे आम्लतेच्या मापाच्या) खाली दाताचे कवच विरघळू लागते. हिरडीलगत, जिथे सहसा कीड लागत नाही अशा दोन जागी माझे दात किडले होते.

दंतवैद्यांनी मग एक साधी तपासणी केली, जी आधी झाली असती तर माझे बरेच पैसे वाचले असते. त्यांनी मला मान खाली घालून बसवले, काही न चघळता पाच मिनिटांत जेवढी लाळ जमेल तेवढी मोजपात्रात सोडायला सांगितली, आणि ती अर्धा मिलीलीटरही भरली नाही. मिनिटाला ०.१ मिलीलीटरपेक्षा कमी म्हणजे लाळ निश्चितच अपुरी, असे हे माप सांगते. त्यानंतर त्यांनी बेचव मेणाचा तुकडा चघळायला दिला आणि पुन्हा पाच मिनिटे मोजली, तेव्हा चार मिलीलीटर जमली. ‘ग्रंथी जिवंत आहेत बाई, त्यांना फक्त हलवायला हवे,’ असे ते म्हणाले. किरणोपचाराने ग्रंथीच करपल्या असतील तर चघळून काही उपयोग होत नाही आणि बाटलीवाचून गत्यंतर नसते. औषधाने ग्रंथी नुसत्या सुस्तावल्या असतील तर चघळण्याने त्या अजून काम करतात. मी बाटली पहिल्या क्रमांकाचा उपाय समजत होते, ती माझ्यासाठी दुसऱ्या क्रमांकाचा उपाय निघाली.

पहिला उपाय म्हणजे झायलिटॉलचे च्युइंगगम. झायलिटॉल गोड असते, पण दात किडवणाऱ्या जंतूंना त्यापासून आम्ल करता येत नाही. नुसते ‘शुगर-फ्री’ लिहिलेले पाहून घेऊ नये, कारण त्यांपैकी अनेकांत झायलिटॉल नावापुरते असते आणि फळांच्या स्वादाच्या गोळ्यांत सायट्रिक आम्ल घातलेले असते, जे कोरड्या तोंडातल्या दातांना साखरेइतकेच वाईट. घटकांच्या यादीत झायलिटॉल पहिल्या-दुसऱ्या जागी असेल तेच घ्यावे. जेवणानंतर आणि दुपारी चारला मी दहा मिनिटे चघळते. वर्गात अर्थातच नाही, कारण ज्या गोष्टीबद्दल मुलांना बाकावर उभे केले ती स्वतः करता येत नाही, आणि तासाला बाटलीच लागते ती याच कारणाने. झायलिटॉल जास्त झाले तर पोट सैल होते, असा इशारा पाकिटावर असतो. बद्धकोष्ठाने बेजार झालेल्या माणसाने हा दोष मानावा की गुण, हे ज्याचे त्याने ठरवावे. घरात कुत्रा असेल तर मात्र पाकीट उंचावर ठेवावे, कारण झायलिटॉल कुत्र्याला विषासमान आहे.

फुकटचे सल्लेही पुष्कळ मिळाले. आमच्या शाळेतल्या शिपाईमामांनी मोठ्या आपुलकीने सुपारीचे खांड पुढे केले आणि ‘तोंडाला लगेच पाणी सुटतंय बघा’ असे सांगितले. त्यांचे म्हणणे शास्त्राला धरूनच होते. सुपारीतले ॲरेकोलीन अगदी त्याच मस्करिनिक ग्राहींना चेतवते, ज्यांच्यावर माझे औषध ठाण मांडून बसले आहे. पण सुपारीने तोंड उघडेनासे होते आणि ती कर्करोगकारक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जाहीर केलेले आहे, तेव्हा मी मामांचे खांड परत केले. मिश्रीचे नाव काढणाऱ्या नणंदेला तर मी उत्तरही दिले नाही. त्या ग्राहींना चेतवणारे पायलोकार्पिन नावाचे एक औषध गोळीच्या रूपात आहे, परंतु त्याने घाम फार येतो, दमा किंवा काचबिंदू असणाऱ्या काहींना ते चालत नाही, आणि माझ्या डॉक्टरांना एका गोळीच्या त्रासावर दुसरी गोळी देणे पसंत नव्हते.

जेवणाबद्दल कोल्हापूरकरांना वेगळे सांगायला हवे. कोरड्या तोंडात तांबडा रस्सा नुसता तिखट लागत नाही, तो जखमेवर पडल्यासारखा भाजतो, कारण लाळेचे अस्तरच उरलेले नसते. पांढरा रस्सा मात्र माझा तारणहार ठरला. मटणाचे अळणी पाणी, नारळाचे दूध आणि खसखस यांच्या स्निग्धपणामुळे ज्वारीची भाकरी त्यात कुस्करली की विनासायास गिळता येते. भाकरी कोरड्या भाजीसोबत खाण्याचे दिवस तूर्त संपले आहेत. गंगावेशीच्या दूधकट्ट्यावरून आमच्या घरी म्हशीचे दूध येते, ते तापवून, गार करून, बिनसाखरेचे अर्धी वाटी मी जेवताना घोटघोट घेते. दुधातला दाटपणा, कॅल्शियम आणि फॉस्फेट यांमुळे ते लाळेच्या जागी बरेच चालून जाते, हे दंतवैद्यांनीच सांगितले; झोपण्यापूर्वी मात्र तोंडात दूध राहू देऊ नये. जवस उकळून गाळलेले बुळबुळीत पाणीही मी करून पाहिले. त्याचा गुण बाटलीच्या जवळपास जातो, खर्च काहीच नाही, पण ते दोन दिवसांत आंबते आणि वास अळशीच्या लाडवासारखा येतो. लिंबू, आवळा, आमसूल यांनी तोंडाला पाणी सुटते खरे, पण दिवसभर आंबट चघळणे म्हणजे खडीसाखरेच्या चुकीचीच दुसरी आवृत्ती होय.

माउथवॉशच्या बाबतीत थोडक्यात सांगायचे तर अल्कोहोल असलेले घेऊ नये. ते तोंड आणखी सुकवते.

सर्वांत मोलाचे पैसे कुठे खर्च झाले असे विचाराल, तर दंतवैद्यांकडे लावलेल्या फ्लोराइडच्या लेपावर. भारतात दुकानात मिळणाऱ्या साध्या टूथपेस्टमध्ये फ्लोराइड १००० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत एक हजार भागांपेक्षा) जास्त असू नये असा नियम आहे. ५ टक्के सोडियम फ्लोराइडच्या लेपात ते सुमारे २२,६०० पीपीएम असते. दातांवर ब्रशने लावायला पाच मिनिटे लागतात, त्या दिवशी दात पिवळट दिसतात, आणि माझ्यासारख्या रुग्णाला तो दर तीन महिन्यांनी लावायला सांगतात. मार्चनंतर जूनमध्ये दुसरा लेप झाला आणि नवी कीड आढळली नाही. ज्यांना नैराश्यावरचे औषध सुरू होऊन तोंड कोरडे पडले आहे त्यांनी दात झोंबण्याची वाट न पाहता पहिल्याच महिन्यात दंतवैद्यांना भेटावे आणि कोणते औषध चालू आहे ते संकोच न करता सांगावे. मी सुरुवातीला ‘झोपेची गोळी’ एवढेच सांगितले होते, त्यामुळे त्यांनी पहिली दहा मिनिटे मधुमेहाची चौकशी करण्यात घालवली.

फेब्रुवारीत कंटाळून मी दोन रात्री गोळी घेतली नाही, हेही इथे नोंदवते. तोंड काही ओले झाले नाही. झोप मात्र गेली, मळमळ सुरू झाली आणि तिसऱ्या दिवशी मी डॉक्टरांसमोर अपराध्यासारखी उभी राहिले. त्यांनी रागावण्याऐवजी मात्रा थोडी खाली आणण्याचा आणि गरज पडल्यास औषध बदलण्याचा, असे दोन मार्ग पुढे ठेवले. मात्रा ५० मिलिग्रॅमवरून हळूहळू ३५ वर आली, तोंडाचा त्रास निम्म्याने कमी झाला आणि मन ताळ्यावर राहिले, म्हणून औषध बदलण्याची वेळ आली नाही. हा बदल त्यांच्या देखरेखीखाली काही आठवड्यांत झाला. एकट्याने करण्याचा तो विषय नव्हे.

गुण द्यायचेच झाले तर बाटलीला पाचपैकी तीन, रात्रीच्या जेलला चार, आणि चांगल्या झायलिटॉल गमलाही चार देईन. जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर मी बाटलीतला द्रव अत्तराच्या फवाऱ्याच्या रिकाम्या कुपीत भरून पर्समध्ये ठेवू पाहिला, पण दाट द्रवाने तिचे भोक बुजले; औषधाच्या दुकानात मिळणारी रुंद तोंडाची प्लास्टिकची कुपी त्याला योग्य. बाटली घेताना मुदतीची तारीख अवश्य पाहावी, कारण खप कमी असल्याने ती दुकानात पडून राहते, आणि मला एकदा संपायला जेमतेम दोन महिने उरलेली बाटली मिळाली होती. सीपीआरसमोरचे ते दुकानदार आता दोन बाटल्या कायम ठेवतात. माझ्याखेरीज आणखी तीन जण दरमहा नेतात, असे त्यांनी परवा सांगितले, आणि मी न सांगताच बाटली वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून दिली.